न्हाणीच्या चुलीचा पाइप

बाबूजी, मागच्या पडवीतल्या चुलीचा तुमचा पाइप आम्ही काढला. रागावू नका, आधी सगळं ऐकून घ्या. धान कापणीच्या दिवसांत आई न्हाणीकडे जाताना आंगणात घसरून पडली. मागच्या गल्लीतल्या काकीनं तिला उचलून आत आणलं. हाड मोडलं नाही, पण आंगण ओलांडायची तिची हिंमत गेली. मी म्हटलं, चल माझ्याकडे गोंदियाला. ती म्हणाली, "तुझ्या फ्लाटात मी काय करू? लोकाइचे वाळू घातलेले कपडे पाहत बसू?" मलाही सोबत होईल, हे काही मी बोलले नाही. मग एकच उपाय उरला, घराला चिकटून नवं न्हाणीघर बांधायचं. त्याला जागा होती ती नेमकी पडवीची. तिथल्याच भिंतीवरून तुमचा पाइप वर गेलेला आणि त्याच्याच शेजारी विजेचं मीटर. हलवायला अवघड अशा दोनच गोष्टी घरात होत्या आणि दोन्ही एकाच भिंतीला.

मीटर अजून तुमच्याच नावावर होतं. दर महिन्याला बिल तुमच्या नावानं यायचं आणि आई ते आधी देवाजवळ ठेवायची. वायरमन आला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मीटर जिनके नाम पे है, उनको बुलाइए ना, माताजी." आईनं तुमच्या फोटोकडे बोट केलं. "हे काय बसले. इचार त्याइलेच." बिचारा इतका ओशाळला की चहासुद्धा अर्धाच प्यायला. पुढची धावपळ मी केली, ती सांगत बसत नाही. मीटर आता पुढच्या ओसरीत आहे आणि आईच्या नावावर आहे. तिला ते अजिबात आवडलेलं नाही.

तो पाइप घरी आला ते दिवस मला अजून दिसतात. मी सहावी-सातवीत असेन. आई चुलीपुढे बसून फुंकते आहे, लाकडं ओली, पडवीभर धूर, तिचे डोळे लाल झालेले. शिंकताना ती मजेशीर दिसते म्हणून मी दारात उभी राहून हसते आहे. तेवढ्यात तुम्ही येता, इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी सोडून, गुडघ्यापर्यंत चिखलात. "हासून काऊन राहिली? बस तिथं, घे फुकनी." पाणी तापेपर्यंत तुम्ही मला उठू दिलं नाही. मी रडले ती धुरानं की रागानं, कोण जाणे. पुढे पगार झाला तसा तुम्ही गोंदियाहून सिमेंटचा पाइप आणलात, पॅसेंजर गाडीच्या डब्यात सौंदडपर्यंत उभा धरून. लोक विचारत होते, "काय पाटकरी, तोफ घेऊन चालले का?" हे तुम्ही सांगत होता आणि आई हसून हसून खाली बसली होती. पाइप तुम्ही छपराच्या कवेलूंमधून काढून थेट आढ्याच्याही वर नेलात. एवढा उंच कायले, असं कोणी विचारलं तर म्हणायचात, "धूर पान्यावानी आहे. त्याले वाट भेटली का तो भांडत नाही." जन्मभर लोकांची पाटाच्या पाण्यावरची भांडणं सोडवलीत, तुम्हाला दुसरं काय सुचणार होतं!

आता गॅसचा गीझर लावू म्हटलं तर आई ऐकेना. "त्या पान्याले धुराचा वास नाही. आंघोळ केली का नाही, समजतच नाही." मग चूल ठेवायची, फक्त जागा बदलायची असं ठरलं. न्हाणीघराला लागूनच परसातल्या बाडीच्या बाजूला छपराखाली ओटा बांधला, उभ्यानं लाकूड सारता येईल असा. पाइप कसा न्यायचा ते मात्र मी ठरवलं. नवी भिंत काळी पडू नये म्हणून तो आखूड ठेवून बाडीकडे आडवा काढायला लावला. मला ती माझी मोठी हुशारी वाटली होती.

पहिल्याच सकाळी आई आत मजेत आंघोळ करते आहे आणि काकी मागचं दार बडवते आहे. बडवते कसली, धडका देते आहे. मी दार उघडलं तर केस मोकळे, पायात चप्पल नाही. "तुझी माय कुठी हाय?"

"आंघोळ करून राहिली. काऊन, काकी?"

"आज धूर नाही ना निंगला वो!" असं म्हणून ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. न्हाणीघराच्या नव्या स्लॅबच्या आणि त्यावरच्या टाकीच्या आड आमचा धूर तिला दिसलाच नव्हता. मग तिनं सांगितलं. तुम्ही अंथरुणावर होता तेव्हा तिला बोलावून म्हणाला होता, "मी गेलो का हिच्या चुलीचा धूर पाहत जाजो. सकारी नाही दिसला तर घरी येजो." तेव्हापासून ती रोज आधी आमच्या कवेलूंकडे पाहते आणि मग स्वतःचा चहा मांडते. आईला हे ठाऊक होतं. मलाच नव्हतं. आई ओल्या केसांनी बाहेर आली, म्हणाली, "मेली नाही वो मी अजून, कायले रडतं?" आणि काकीसाठी चहा ठेवायला गेली. तिचेही डोळे भरले होते.

त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून पाइप सरळ वर नेला, टाकीच्याही वर. भिंत काळी पडायची तर पडो. मला तुमचा रागही आला, बाबूजी. शेजारणीला सांगितलंत आणि पोटच्या पोरीला नाही! मग वाटलं, गोंदियाहून मला धूर कुठून दिसणार होता? तुम्ही बरोबरच केलंत. त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

हे मी आईला वाचून दाखवणार होते, पण आता नाही दाखवणार. मी परत गोंदियात आले आहे. तुमचे जावई गेल्यापासून घरात मी एकटीच, पोरगी पुण्याला. माझ्या गॅसला धूर नाही. रोज उठल्याबरोबर मी आईला फोन करते, पाणी तापलं का म्हणून विचारते. पोरगी मायची किती काळजी करते, असं काकी सगळ्यांना सांगत असते. आईलाही तसंच वाटतं. खरं तर, मी उठले आहे एवढं कोणाला तरी कळावं, म्हणून तो फोन असतो.