लेझरची बादली

१५ ऑक्टोबर २००७

माझी आंघोळीची बादली पळवली! न विचारता! म्हणे लेझरला पाणी लागतं. असो. देवा, दिवस बरा जाऊ दे.

नातू जोएलने पडवीत मशीन मांडलंय. काळ्या दगडावर मेलेल्यांचे फोटो कोरतो. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस — त्याआधी दगड थडग्यांवर बसायला हवेत. आमच्या अर्ध्या पाचूबंदर कोळीवाड्याने काम दिलंय.

१८ ऑक्टोबर

सकाळी कोरलेलं ठळक, दुपारचं फिकं. कार्मिनच्या नवऱ्याचं कपाळ झकास, हनुवटी गायब. म्हटलं, जिवंतपनी तरी कुठं होती? जोएल हसला नाही. "आजी, पाणी तापलं की लेझरचा जोर उतरतो. जोर एकसारखा राहायला पाहिजे."

कार्मिन दारात येऊन ओरडून गेली — "दोन तारखेला माझा मानूस बिनचेहऱ्याचा झोपनार काय?"

२१ ऑक्टोबर

बंदरावरून बर्फ आणला. बाटल्यांत भरायचा, झाकण लावायचं, मग बादलीत सोडायचा. "पाण्यात दुसरं काही जाऊ द्यायचं नाही. करंट पाण्यात उतरतो." फादरने आशीर्वाद दिलाय काय त्या पाण्याला!

पण मशीनवरचा जोराचा काटा जागेवर थांबला. तासभर. मग परत खाली. बाटल्या बदलून सून रोझलीनचे हात गारठले. काम मात्र संथच.

२३ ऑक्टोबर

वीज गेली. एवढंच राहिलं होतं!

२६ ऑक्टोबर

जोएल जेवायला उठला. काटा घसरत होता. बर्फाला मीठ लावलं की गारवा कसा कडक धरतो, हे होडीवाल्यांच्या घरात कोणी शिकवावं लागत नाही. बर्फाचा खडा आणि दोन मुठी मीठ — सरळ बादलीत टाकलं मी.

जोएलने येऊन पाण्यात हात घातला आणि झटका बसून भिंतीवर आपटला!

वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब. बोटं अजून बधिर आहेत. मशीनची काचेची नळी गेली, काम ठप्प. अंगावर उडालेलं पाणी ओठाला खारट लागलं त्याच्या. "मीठ कोणी टाकलं?"

रोझलीन म्हणाली, "मी."

आणि मी? बंदरावरचे दलाल माझ्या तोंडाला लागत नाहीत. मी गप्प.

२८ ऑक्टोबर

जोएल आईशी बोलत नाही. तिने वाढलेलं ताट सरकवतो. चुलीपाशी गाठलं तिला — का गं बोललीस?

"माझ्यावर ओरडेल, दोन दिवसांनी विसरेल. तुमच्यावर जीव हाय त्याचा, आई."

शहाणी! मला कोणी सांगितलं होतं का सांभाळायला?

२९ ऑक्टोबर

संध्याकाळी कार्मिन आणि बाकीचे जाब विचारायला येणार. जोएलने समोर बसायचं. रोझलीनने तोंड उघडायचं नाही. मीठ कोणी टाकलं, याचं उत्तर मी देणार.