शनिवार माझाच!

३ जानेवारी, शनिवार

आजचं वाचन अफलातून झालं. प्रकरण अकरावं, उत्तरार्ध. कादंबरीतले आजोबा जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत उतरले. वाचनालयाचा वरचा वाचनकक्ष गच्च भरलेला, एक खुर्ची मोकळी नाही. सगळे चिडीचूप. हातात पेपर, माना खाली. खरा रसिक असाच असतो, भावना तोंडावर दिसू देत नाही. खिडकीजवळचे एक गृहस्थ तर शेवटी डोळे पुसत होते.

नव्या वर्षाचा संकल्प: कादंबरी यंदा पुरी करायचीच.

तक्रार: माईकचा आवाज दर शनिवारी कुणीतरी बारीक करून ठेवतं. छडा लावणार.

५ जानेवारी, सोमवार

कट शिजतोय. ग्रंथपालबाईंनी काउंटरवरच गाठलं. म्हणाल्या, काका, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने नाटकमंडळी जमवली आहेत, त्यांना शनिवार संध्याकाळचा वाचनकक्ष हवाय. मी म्हटलं, ती वेळ माझी आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे वाचतोय. त्या म्हणाल्या, म्हणून तर समिती दोघांचंही बघणार आहे. चोवीस तारखेला ते, एकतीसला तुम्ही. ज्याला माणसं जास्त, त्याला वर्षभर शनिवार.

मला हसूच आलं. चष्मेवाल्याला लांबचं दिसत नसावं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, त्या नाटकात मीही आहे.

घरातच फितुरी!

८ जानेवारी, गुरुवार

हिला मोठं काम आहे म्हणे. भांडी घासताना पाठांतर चालतं. आज एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, इतकी वर्षं मी बोलतेय, तुम्ही एकदा तरी ऐकलंत का? माझा चहा बशीत सांडला. घाईघाईने म्हटलं, ऐकतो ना, बोल. तर म्हणे, अहो, वाक्य आहे ते नाटकातलं. आणि तुम्ही मध्ये बोलू नका, तिथे नवरा बोलत नाही. नुसता पेपर वाचत बसतो.

नवऱ्याला अख्ख्या नाटकात एक वाक्य नाही! औषधाच्या दुकानाचे मालक ते काम करतायत. माणसाने किती खाली उतरावं, याला काही मर्यादा?

१० जानेवारी, शनिवार

माईकचा चोर सापडला. कोडंवाले काका. हे रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, पहिल्या रांगेत बसून. विचारलं तर पेपराआडूनच बिनदिक्कत कबूल झाले. म्हणाले, तुम्ही मोठ्याने वाचलंत की कोडं सुटत नाही.

म्हणजे बघा. माझी कादंबरी सुरू झाली की या हुशार माणसाला साधं कोडं सुटेनासं होतं! माफ केलं.

पण एक गोष्ट मात्र आता फार झाली. पेपरांची सळसळ. आजोबांचा पाय घसरतो नेमक्या त्याच वाक्याला कुणीतरी क्रिकेटचं पान उलटतं. समितीसमोर हे चालणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

निर्णय झाला. एकतीस तारखेला वाचनकक्षात एकही पेपर ठेवायचा नाही. श्रोता आणि मी, मध्ये काही नको. समितीला कळू दे, रसिकांचं लक्ष कुठे असतं ते.

ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. काका, पेपर राहू द्या हो, म्हणाल्या. मी खाली उतरत होतो तरी जिन्यातून तेच. दारापर्यंत येऊन पुन्हा तेच.

बाईंना पेपरांचा इतका जिव्हाळा कशापायी, ते न कळायला मी दूधखुळा नाही. बाईंच्या नाकावर नवा चष्मा आहे. तो कुठल्या दुकानातला, हे सांगायला ज्योतिषी नको.

२४ जानेवारी, शनिवार

चष्मेवाल्याचा प्रयोग बघायला गेलो. निव्वळ प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घ्यायला. दारातच उभा राहिलो, आत बसलो नाही. कुणाची बहीण, कुणाची भावजय, कुणाचे साडू. असली गर्दी धरायची नसते.

आमची मंडळी नेहमीप्रमाणे पेपर घेऊन बसली होती. पण ही बोलायला लागल्यावर त्यांनी हळूहळू पेपर मांडीवर ठेवले. आणि ठेवले ते ठेवलेच. मला वाईट वाटलं. एवढे मुरलेले रसिक, पण नव्या गोष्टीला भुलतात.

हिचा आवाज माईकशिवाय दारापर्यंत येत होता. त्यात हिचं कौतुक नाही. घरात मला आतल्या खोलीत हाक मारून मारून तयार झालेला आवाज आहे तो. म्हणजे श्रेय अर्धं माझंच.

औषधवाल्यांनी पेपर उलटा धरला होता.

३१ जानेवारी, शनिवार

लिहिणार नव्हतो. पण इतिहासासाठी नोंद हवी.

लवकर जाऊन सगळे पेपर गोळा केले, लोखंडी कपाटात कोंबले, कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात. ठरल्या वेळी मंडळी आली. पेपरच्या टेबलाजवळ थोडी घुटमळली, मग खुर्च्यांवर बसली. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, आणखी दोघांना घेऊन शेवटच्या रांगेत.

मी सुरुवात केली. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत मला त्यांचे चेहरे प्रथमच दिसले. कोडंवाल्या काकांना मिशा आहेत.

दुसऱ्या पानावर एक जण उभा राहिला. पाठोपाठ आणखी दोघं. मग अख्खी रांग. उभं राहून दाद! वाचन थांबवून हात जोडले. म्हटलं, बसा, बसा, अजून आजोबा जिन्यातच आहेत. कुणी बसलं नाही. सगळे दाराकडे गेले आणि दारातून खाली.

उरले समितीचे तिघं आणि कोडंवाले काका. मी नेटाने पुढे वाचलं. मागे हटणाऱ्यातला मी नाही. वाचन संपल्यावर काका उठून थेट माझ्याजवळ आले. माझा हात हातात घेतला. चला, एक तरी माणूस! मी म्हटलं, बोला काका, मोकळेपणाने बोला.

ते म्हणाले, आता किल्ली देता का?

१ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाल्याला वर्षभर शनिवार. अध्यक्षांचा फोन आला. मी शांतपणे सांगितलं की गर्दीवर कला मोजणाऱ्या समितीला मी समिती मानत नाही. ते म्हणाले, बरं.

कारणमीमांसा: (१) उकाडा. (२) बहुतेक मॅच असावी. (३) पूर्वार्ध न वाचता एकदम उत्तरार्ध घेतला.

संकल्प: त्या वाचनालयात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयात गेलो. केवळ कपाटाची किल्ली द्यायला. त्या दिवशी काकांना पेपर काढून दिला आणि किल्ली पुन्हा माझ्याच खिशात आली होती.

ग्रंथपालबाईंनी समोर बसवलं. चहा मागवला. तो घेताना जवळून बघितलं. चष्मा जुनाच आहे. फक्त एक काडी नवी बसवलेली.

वाईट वाटलं. पण माझं निरीक्षण अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवाला घरी आला. चेहरा पडलेला. औषधवाले लेकीकडे गेले, महिनाभर येणार नाहीत. अठ्ठावीसला मोठा प्रयोग. नवरा नाही.

मी ताडकन नाही म्हणून टाकलं. ज्याने शनिवार हिरावला त्याच्याकडे मुक्याचं काम? शक्यच नाही. ही स्वयंपाकघरात होती. भांड्याचासुद्धा आवाज नाही.

मग चष्मेवाला म्हणाला, काका, पेपर वाचणारी माणसं समोरून इतकी वर्षं बघितलेला दुसरा कोण आहे हो आपल्याकडे? तुमच्याइतका अभ्यास कुणाचा?

मुद्दा बिनतोड होता. होकार दिला, पण माझ्या अटीवर. पेपर माझ्या आवडीचा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तालीम. चष्मेवाला म्हणतो, पानं फार उलटता, लोकांचं लक्ष जातं. लक्ष जाणारच. ज्याच्यात काही असतं त्याचं ते कुठे लपतं?

जबरदस्त योजना सुचली आहे. प्रयोगात प्रकरण बारावं पेपरच्या आत ठेवणार आणि मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. शनिवार संध्याकाळ, तोच वाचनकक्ष, वाचणारा मीच. मग जिंकलं कोण? समितीला पत्तासुद्धा लागणार नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग झाला.

ठरल्याप्रमाणे खुर्चीत बसलो, पेपर उघडला. आत प्रकरण बारावं. ही बोलायला लागली. स्वयंपाकघरातली तीच वाक्यं, मला तोंडपाठ झालेली. तरी वेगळी वाटली. मग ती ओळ आली. इतकी वर्षं मी बोलतेय, तुम्ही एकदा तरी ऐकलंत का? या वेळी मी चहा घेत नव्हतो, मला दुसरीकडे बघायची सोय नव्हती. पेपर आपोआप खाली आला. मी हिच्याकडे बघत राहिलो. विंगेतून चष्मेवाला पेपर वर घ्या, पेपर वर घ्या अशा खुणा करत होता. मला घेता येईना. ही क्षणभर अडखळली, मग पुढचं वाक्य बोलली. फार छान बोलली.

टाळ्या खूप झाल्या. कोडंवाले काका भेटायला आले. म्हणाले, पेपर वाचणारा अगदी खरा वाटला. चष्मेवाला म्हणाला, चुकलात, पण तसंच ठेवू.

घरी आल्यावर ही पाणी पिताना सहज म्हणाली, उतरले का हो आजोबा? मी चाट. म्हटलं, तुला काय माहीत आजोबा? तर म्हणे, रोज पहाटे मोठमोठ्याने वाचता, ऐकू येतं की. कधीपासून जिन्यात आहेत बिचारे. गुडघे दुखत असतील.

मी पेपर उघडून प्रकरण बारावं दाखवलं. आता हे स्टेजवर माझ्याजवळच होतं, असं सांगितलं. ही म्हणाली, मग वाचून काढलंत की सगळं.

एक ओळही वाचली नव्हती.

स्टेजवर उजेड कमी होता, असं सांगितलं.