तेहेतीसवर लावलेलं गाणं

जालना
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय बेबीनंदा,

सप्रेम जयभीम.

तुझ्या गुडघ्यांचं आधी कळव. भाऊजींना आणि संघपालला जयभीम सांग. इकडे मी ठणठणीत आहे. शाळेत यंदा पहिलीला मोप पोरं आली आहेत आणि सगळीच्या सगळी एकदम बोलतात.

तू म्हणशील, फोन असताना वहिनीला पत्राचं खूळ कुठून आलं. तर बाई, फोन उचलला की तुझं पहिलं काम म्हणजे स्पीकर लावणं. मग माझं बोलणं तू, भाऊजी, तुझी सून आणि गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया असे सगळे मिळून ऐकता. मला तुला एकटीला एक विचारायचं आहे. तुझ्या होकारावाचून ते पुढे न्यायचं नाही, असं माझं ठरलं आहे. पण ते शेवटी विचारते. आधी गाण्याचं सांगते, ते मला सोपं जातं.

तुझ्या दादांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, तो रेकॉर्डप्लेअर तुला आठवत असेलच. मिशनच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा लोकांनी कपाटं आणली, पलंग आणले, आणि आपले दादा हे धूड आणि इंग्रजी रेकॉर्डींचं खोकं घेऊन आले. त्यात एक मोठी तबकडी होती, साठच्या दशकातल्या इंग्लंडच्या पाच पोरांची. कव्हरवर सगळे एकसारखे कोट घालून उभे, केस भुवयांपर्यंत. त्यांचं एक गाणं दादांना फार आवडायचं, आणि कव्हरच्या मागे लिहिलेलं होतं की ते मूळचं अमेरिकेतलं. नशीब असं की मूळ गाण्याची छोटी तबकडीही त्याच खोक्यात निघाली. तिच्यावरचं गाणाऱ्याचं नाव पार घासून गेलेलं. मधलं भोक मोठं होतं, म्हणून दादांनी औषधाच्या बाटलीचं रबरी बूच कापून बसवलं.

रोज जेवणं झाली की ते मला हाक मारायचे, "एक गाणं ऐकून जा." एकच. ते संपलं की मी वह्या तपासायला उठायची.

मूळ गाणं म्हणजे कोणी जाड आवाजाचा म्हातारा, एकेक शब्द ओढत गायचा. मागे दोन माणसं मयताला आल्यासारखी ओ द्यायची. मधे सॅक्सोफोन वाजायचा तो म्हैस रेकल्यासारखा. दादा सांगायचे, "हा मरायला टेकलेला माणूस आहे, दारात उभा राहून निरोप घेतोय." माझे डोळे भरून यायचे. दुसऱ्या दिवशी ते पोरांची तबकडी लावायचे. तेच गाणं, पण गिटारी खणखणताहेत, माउथ ऑर्गन वाजतोय, टाळ्या पडताहेत. मी म्हणायची, हे बरं आहे, जिवंत वाटतं. ते म्हणायचे, पोरांनी घाई करून गाण्याचं वाटोळं केलं. या भांडणात आमची किती वर्षं मजेत गेली ते तुला काय सांगू.

ते गेल्यावर मी मूळ गाणं लावलंच नाही. मरणाचं गाणं एकटीनं कसं ऐकायचं?

आता ऐक. दिवाळीत आपली लेक पायल पुण्याहून नवा रेकॉर्डप्लेअर घेऊन आली. जुना मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवरच अडकलेला होता, वेगाचा खटका हलायचाच नाही. नव्याला दोन वेग आहेत, तेहेतीस आणि पंचेचाळीस. त्या रविवारी तातेराव सर आले होते. तेच ते, मंठ्याच्या शाळेतले चित्रकलेचे, आता रिटायर होऊन मस्तगडला राहतात. ते रविवारी येतात. म्हणजे बऱ्याच रविवारी येतात. ते पोरांच्या बाजूचे आहेत, त्यामुळे मला नाइलाजानं दादांची बाजू घेऊन भांडावं लागतं. त्यांनी छोटी तबकडी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, ही पंचेचाळीसची दिसून राह्यली. तुम्ही कशावर लावत होता?"

त्यांनी खटका सरकवला. बेबी, म्हातारा नव्हताच तो. बाई होती. विशीतली असेल, आणि काय ठसक्यात गात होती. मागे ओ देणाऱ्या दोघी पोरीच होत्या, आणि त्या खिदळत होत्या. म्हशीचं रेकणं म्हणजे नाचायला लावील असा सॅक्सोफोन निघाला. पायलनं शब्द नीट ऐकून सांगितले. गल्लीतल्या पोराला ती सांगते आहे की आज शनिवार आहे, नाचायला चल, मागच्या दाराला कडी नाही. कसलं मरण आणि कसला निरोप. पाच पोरांनी घाई केलेलीच नव्हती. तिच्यापुढे ती उलट सावकाश गातात, पावलं मोजत टाकल्यासारखी. तिचं शेवटचं कडवं तर त्यांनी गाळूनच टाकलं आहे, आणि ते सगळ्यात मजेदार आहे. तो पोरगा येतच नाही, मग ती एकटीच नाचायला निघते.

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. इतकी वर्षं आम्ही लग्नाच्या वरातीला मयत समजून रडत होतो. सर हसले, पायल हसली, आणि मग मी रडले, कारण हे सांगायला दादा नव्हते. सरांनी तबकडी पुन्हा लावली.

त्यानंतर मी तुलना करून करून थकले. पोरांचं गाणं चांगलंच आहे, त्यांचा माउथ ऑर्गन मला आजही आवडतो. पण बाईच्या गाण्यात ती कोणाची परवानगी मागत नाही. सरांनाही हे पटलं. ते पटकन हार मानतात, ही त्यांची एक वाईट सवय आहे.

बघ, मी पुन्हा सरांवरच आले. आता सांगूनच टाकते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. मला ते मनापासून आवडतात, बेबी. शनिवारपासूनच मी पोहे भिजवायचे की उपमा करायचा याचा विचार करत असते. पायल खुश आहे. पण तू दादांची एकुलती एक बहीण. माझे आईवडील गेल्यावर माझं माहेरही तूच झालीस. तुला हे लागलं, तर सर रविवारचे येतील, पोहे खातील आणि जातील. मी तेवढ्यावरही राहीन. खोटं वाटेल, पण राहीन.

तू हो म्हणालीस तर मार्चमध्ये विहारात, दोन हार, त्रिशरण-पंचशील आणि मोजकी माणसं. दोन्ही गाणी पायलनं संघपालच्या फोनवर पाठवली आहेत. तू ऐक आणि मला लिही. फोन करू नकोस.

अजून तरी तुझीच वहिनी,
सत्यशीला


कुंभार पिंपळगाव
सोमवार, १० फेब्रुवारी

वहिनीस बेबीनंदाचा जयभीम.

मला तुझ्यासारखं मास्तरणीचं लिहिता येत न्हाई, बोलते तसं लिहून राह्यले. गुडघे दुखतेत. गाणी ऐकली. गिरणी बंद करून ऐकली, स्पीकर लावून. दळणाच्या बायांना बाईचं आवडलं, तुझ्या भाऊजींना पोरांचं. संघपाल म्हणला, आई, आत्याला, तसं न्हाई, मामीला विचार हे लग्नात वाजवायचं का. एवढं गडबडलं पोरगं.

आता माझं ऐक. दादानं ते सामान आणलं त्या दिवशी मी जालन्यातच होते, तू शाळेत गेल्ती. त्यानं ती बारकी तबकडी पहिल्यांदा बराबरच लावल्ती. बाईच गात होती. आम्ही बहीणभाऊ नाचलोत बी. मंग त्यानं खटका मागं घेतला, गाणं हळू झालं, आन् तो हसाया लागला. म्हणला, "बेबे, तुझी वहिनी एका गाण्याच्या वर बसत न्हाई, वह्या काढती. हे हळू लावलं की मिनिटभर जास्त बसंल." अन् आगपेटीची काडी मोडून खटक्याखाली खुपसली. मरणाऱ्या म्हाताऱ्याचं त्यानं मनानंच जुळवलं. मला शपथ घातल्ती, सांगायचं न्हाई. मी बी न्हाई सांगितलं. तो गेल्यावर सांगावं वाटलं, पण तू गाणंच बंद केलंस, मंग कसं सांगू.

जुना डब्बा फेकला नसशील तर खालून बघ, काडी असंल.

मला लागलं का विचारतीस. लागलं. दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई. दादाची खुर्ची डोळ्यापुढं येत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा गाणं लावलं आन् मला वाटलं, त्यानं तुला मिनिटभर बसवायला काडी घातली, अन् तू तो गेल्यावर सहा वर्सं बसूनच राह्यलीस. त्याला हे आवडलं नसतं. ऊठ आता.

सरांना सांग, नणंद बघायला येणार हाय, पोहे न्हाई, उपमा पाहिजे. आन् मोजकी माणसं म्हणजे किती ते मी ठरवीन. माझ्याकडून गाडीभर येतेत. साडी मला निळी घे, काठाची, माझा मान हाय तो.

करवली म्हणून तुझ्या मागं उभी राहायला पोरगी शोधू नकोस. मी उभी राहते. लोक हसतेत तर हसू दे, दोन गुडघे धरून का होईना, पंचशील संपेपर्यंत उभी राहीन.

तू माझी वहिनीच. लग्नाच्या दिवसापासून सरांना मी दादा म्हणणार न्हाई, पण भाऊ म्हणीन.

तुझी नणंद आन् तुझी करवली,
बेबीनंदा