रामोनचं आडनाव

१२ ऑगस्ट १९८४, अंधेरी

बोटीवरचा माझा फिलिपिनो सोबती रामोन आज घरी जेवायला आला. आईनं त्याचं आडनाव विचारलं. मीच हसत म्हणालो, "चेहरा आपल्यासारखा, आडनाव मात्र स्पॅनिश, उसनं." वर त्याला ते इंग्रजीत सांगितलंही. का सांगितलं?

रामोनचा घास हातातच राहिला. "आमच्यावर स्पेनचं राज्य होतं तेव्हा साहेबांनी यादीतून आडनावं वाटली," तो हळू म्हणाला. "अख्ख्या गावाला एकाच अक्षरावरून. आमचं मूळ नाव आता घरात कुणालाच माहीत नाही."

आईनं विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

"कालवण आवडलं म्हणतोय."

आईनं खुशीत त्याला सुरमईची आणखी एक तुकडी वाढली. त्यानं ती निमूट खाल्ली. बसस्टॉपवर सोडायला गेलो, तेव्हाही माझ्या तोंडून माफी निघाली नाही.