सुपारी फोडण्याआधी

लोहारा, १९५९

चि. अयोध्या हिस आजोबांचा आशीर्वाद.

भूमचे पाहुणे येऊन गेले. मासिकातली तुझी गोष्ट त्यांनी वाचली आहे. मुलाचे वडील म्हणाले, "पोरीला चालवून बघतात, केस सोडून बघतात, हे चारचौघांत मांडायचं व्हय? तिचं लिहिणं बंद करा, मग सुपारी फोडू." तुला तसं कळवतो, असं मी बोलून बसलो.

कॉलेजात तू जिच्यावर निबंध लिहितेस, ती इंग्रज बाई मला सारखी आठवते. पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं. कादंबऱ्यांत नुसती लग्नं जुळवते म्हणून विद्वानांनी तिला हिणवलं आणि पुढं तिच्याकडूनच लोक लिहायला शिकले, असं तू सांगितलंस. तूही शिकलीस. पण तिचं लग्न झालं होतं का, असं विचारलं तर "नाही" म्हणून तू हसलीस. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे.

काल तुझ्या आजीला ती गोष्ट वाचून दाखवली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तुमच्या वडलांनी मलाबी असंच चालवलं हुतं. परत वाचा."

मी परत वाचली.

भूमकरांना काय सांगावं, अजून सुचत नाही. पण त्यांची अट कळली तर तू खरंच लिहिणं थांबवशील. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुझ्या काळजीत,
धुळाप्पा