चिमटा इलायसच्या हाती

इनारहान, २ मे

चि. रेमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

विसरलीस ना मला? की सायपनच्या हॉस्पिटलात गोळ्यांबरोबर डोकंही वाटून टाकलंस? लग्न ठरवलंस, नवरा दाखवायचा तेवढा राहिला! अकरा तारखेला, रविवारी, दोघं या. सगळे जमतायत, हाडासकट पोर्क चॉप्स सांगून ठेवलेत. तुझ्या आजोबांमागे मांस भाजायचा विस्तव माझा भाऊ हुआकिन सांभाळतो. तो म्हणतो, जावयाने आधी चिमटा धरून दाखवावा, मगच घराचा होकार. मला अक्षर येत नाही, माणूस तेवढा वाचता येतो. सून लिहितेय आणि गालात हसतेय.

अशीच माया राहू दे.
तुझी आजी

सायपन, ७ मे

ती. आजीस, आपल्या रीतीप्रमाणे तुझ्या हाताला नाक लावून नमस्कार.

ड्यूटी बदलून मिळेना. इलायस एकटाच येतोय. रोज विस्तवाचा सराव करतो, एक भुवई जळलीसुद्धा! माणूस सोन्यासारखा आहे गं, फक्त मदतीला अति धावतो. मामाआजोबांना सांग, फार छळू नका. तुमच्या होकाराशिवाय मला लग्न गोड लागणार नाही.

लोभ आहे, तो मलाच जास्त दे.
तुझी रेमी

इनारहान, १२ मे

चि. रेमीस आशीर्वाद.

अगं, काय सांगू! सोया सॉस, व्हिनेगर, कांदा, लसणात चॉप्स मुरत ठेवून मी पहाटे चर्चला गेले. लिंबू विस्तवावर जाताना पिळायचं. तुझ्या धावऱ्याने मदत म्हणून तेव्हाच वाटीभर पिळलं! येऊन बघते तर मांस पांढरंफटक. मी म्हटलं, गप्प बस, मी पिळलं म्हणून सांगते. तर हा सरळ हुआकिनपुढे जाऊन कबूल करून मोकळा झाला. हुआकिन म्हणाला, वा, लिंबानेच शिजवलंस, आता विस्तव कशाला पेटवतोस? सगळे खो खो हसले. पोराचे कान लाल झाले, पण हलला नाही. एकेक चॉप पुसून कोरडा केला, खोबरेल लावलं, निखारे फुलवले आणि भराभर उलटवत राहिला. कडा काय खरपूस झाल्या! आंबट होते, खोटं कशाला बोलू. हुआकिन लाल भाताबरोबर खात होता. निघताना त्याने दोन ताटं बांधून घेतली. म्हणे, कुत्र्यासाठी. तुला ठाऊकच आहे, नावडतं ते हा माणूस कधी बांधून नेत नाही. आणि चिमटा? इलायसच्या हातात देऊन म्हणाला, लग्नात विस्तवापाशी तूच उभा राहा, माझे गुडघे दुखतात.

माया कमी करू नकोस.
तुझी आजी

ता. क. : लग्नाच्या आधी तिकडच्या तिखट मिरचीच्या दोन बाटल्या पाठव. लिंबू एकही नको.