जबडा मोडणाऱ्याचीच बाजू मांडण्याच्या सक्तीतून मुक्तता मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक संचालक,
कामगार संबंध मंडळ, मिल्वॉकी, विस्कॉन्सिन.

विषय : श्री. लॉयड ग्राबो यांच्या बडतर्फी प्रकरणातून खातेप्रतिनिधी म्हणून मुक्त करणेबाबत.
संदर्भ : वर्गणीची सक्ती उठवणारा कायदा व त्यावर अद्याप चालू असलेले खटले.

महोदय,

मी खाली सही करणार आर्विड केटुनेन, कागद गिरणीच्या कापणी खात्यात नोकरीस असून तेथील युनियनचा प्रतिनिधी आहे. जबडा तारांनी बांधलेला असल्याने समक्ष येऊन बोलणे शक्य नाही, तरी लेखी निवेदन मान्य करून घ्यावे.

१) नव्या कायद्याने युनियनची वर्गणी भरण्याची सक्ती उठली. वर्गणी न भरणाऱ्याचीही बाजू युनियनने मांडावी, ही सक्ती मात्र तशीच राहिली. श्री. ग्राबो यांनी लगेच वर्गणी बंद केली व जेवणाच्या सुट्टीत सर्वांदेखत मला म्हणाले, "आर्विड, फुकटात वकील मिळतोय, तर पैसे कशाला मोजू रे?" त्याच दिवशी त्यांच्या गाडीचे चारही टायर फाडण्यात आले. कोणी फाडले हे मला ठाऊक आहे. कृपया विचारू नये.

२) यंदाच्या वसंतात न्यायाधीशांनी तो कायदा रद्द ठरवला. मी नियमाप्रमाणे श्री. ग्राबो यांना वर्गणीची नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी युनियन कार्यालयाच्या दारावर हरणाचे मुंडके खिळ्यांनी ठोकलेले आढळले व तोंडात माझी नोटीस कोंबलेली होती. शिकारीचा हंगाम नव्हता, याचीही नोंद व्हावी.

३) पुढे वरच्या न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली, म्हणजे वर्गणीची सक्ती पुन्हा उठली. श्री. ग्राबो यांनी ते वर्तमानपत्र माझ्या छातीवर आपटले. "आता माझ्या वाटची पण तूच भर," असे ते म्हणाले. मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी पाना उचलला. माझा जबडा दोन ठिकाणी मोडला, दात पडले, आणि रक्त उडाल्याने कागदाची अख्खी गुंडाळी भंगारात काढावी लागली. कंपनीच्या आरोपपत्रात गुंडाळीचा उल्लेख आहे, दातांचा नाही.

४) व्यवस्थापकांनी त्यांना लगेच खोलीत बसवून कबुलीजबाब मागितला. "आधी माझा युनियनचा माणूस बोलवा, मग बोलतो," असे श्री. ग्राबो यांनी सांगितले. "तुझा माणूस बाहेर रक्त ओकतोय, तूच पाडलायस ना त्याला?" असे म्हणून व्यवस्थापकांनी सही घेतली व त्यांना बडतर्फ केले. कामगाराने मागणी केल्यास चौकशीत प्रतिनिधी हजर असावा लागतो, हा नियम आपण जाणताच. मी हजर नव्हतो. सबब ही बडतर्फी टिकणारी नाही.

५) काल श्री. ग्राबो माझ्या घरी आले. माझी पत्नी लेम्पी शुक्रवारची तळलेली मासळी मिक्सरमधून काढत होती, कारण मला नळीने प्यावी लागते. दारातूनच ते म्हणाले, "करार तुझ्याइतका कुणाला पाठ नाही, गड्या. सोमवारच्या सुनावणीत लिहून दे हवं तर, पण सोडव मला. मुद्दाम हरलास तर युनियनलाच कोर्टात खेचीन." लेम्पीने उकळत्या तेलाची कढई उचलली. मी तिचा हात धरला, कारण अशिलास इजा होऊ देणे माझ्या कर्तव्यात बसत नाही.

६) मुद्दाम हरण्याचा विचार मी केला होता. पण कागद पुढ्यात घेतले की मला जिंकण्याचाच मुद्दा सुचतो, माझा नाइलाज आहे. सोमवारी ते सुटतील आणि मंगळवारी माझ्या शेजारच्या यंत्रावर उभे राहतील. मधे फिरती पाती आहेत. मला त्यांचा अतोनात राग आहे आणि त्यांचा हात त्या पात्यांखाली गेलेला मला डोळे उघडे असतानाही दिसतो. हे लपवून अर्ज करणे योग्य वाटले नाही.

तरी सोमवारपूर्वी मला मुक्त करावे. ते शक्य नसल्यास, मंगळवारनंतर माझी चौकशी सुरू होईल तेव्हा माझी बाजू मांडायला कोण येणार, एवढे तरी कळवावे. माझी वर्गणी भरलेली आहे.

तोंड बंद असले तरी आपला नम्र,
आर्विड केटुनेन
दि. ११ जून २०१६

सोबत : जबड्याचे क्ष-किरण चित्र.